ओल्या रानाचे सुभेदार

कुपवाडच्या ज्या कारखान्याच्या ऑफिसात मी आता बसते, तिथं गेल्या आठवड्यात सहलीचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "वर डोंगरात ते राष्ट्रीय उद्यान आहे ना, तिकडं जाऊ." लगेच स्टोअरमधल्या बाईंनी विचारलं, "तिथं पोरांना झोपाळे आहेत का हो?" मला इतकं हसू फुटलं की चहा नाकात गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काय सांगणार? त्या उद्यानाच्या फाटकावर मी काही वर्षं नोकरी केली आहे आणि हा प्रश्न मी गाडीगणिक ऐकला आहे.

चूक माणसांची नाही, शब्दाची आहे. आपल्याकडं उद्यान म्हणजे नगरपालिकेचं. मध्ये बंद पडलेलं कारंजं, कडेला घसरगुंडी, बाहेर भेळेची गाडी. त्याला 'राष्ट्रीय' लावलं की माणसाला वाटतं, इथलं कारंजं चालू असणार. मग माणसं सहकुटुंब डबे घेऊन यायची, फाटकातून आत डोकावायची आणि आत नुसतं जंगल बघून त्यांची तोंडं उतरायची.

अशा वेळी आमचे सुभेदार पुढं व्हायचे. "झोपाळं? हायत की! लय हायत." पोरं टाळ्या पिटायची. मग ते सगळ्यांना गारंबीच्या वेलापाशी न्यायचे. झाडाएवढा जाड वेल, या झाडावरून त्या झाडावर लोंबलेला. पोरगं त्यावर चढायला धावलं की सुभेदार आडवे. "तुमी न्हाई बसायचं, बाळ. ह्यो माकडांचा कोटा हाय."

सुभेदारांचं नाव मी सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं आणि खरं तर आम्ही ते कधी घेतलंच नाही. आम्ही त्यांना तोंडावर आबा म्हणायचो आणि पाठीमागं सुभेदार. कृष्णाकाठच्या उसातले, सगळं घर फौजेत गेलेलं. त्यांची सगळी नोकरी राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या थंडीत गेली. एकीकडं दातांत वाळू, दुसरीकडं नाकातून रक्त. निवृत्त होऊन घरी आले, कुणाच्या तरी जीपमधून एकदा या डोंगरात आले, आणि अडकलेच. गावसमितीनं त्यांना फाटकावर देखरेखीला ठेवलं. म्हणजे असं आम्ही म्हणायचो. त्यांच्या मते जंगल त्यांनी ताब्यात घेतलं होतं आणि समितीला तिथं राहू दिलं होतं.

माणूस ओलीला भुललेला होता. दुसरा शब्द नाही. आमचं जंगल बारमाही हिरवं, जुन्या झाडांचं, ढगात बसलेलं. खोडावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यावर आणखी काहीतरी. सुभेदार सकाळी उठून आधी शेवाळाला हात लावून बघायचे, ओलं आहे ना. फौजेतले बूट त्यांनी खोलीबाहेर मुद्दाम उघड्यावर ठेवले होते. एका पावसाळ्यात त्यांच्यावर असं काही शेवाळ चढलं की बूट कुठं संपतात आणि जमीन कुठं सुरू होते ते कळेना. एकदा एका शहाण्यानं ते घासून पुसून चकचकीत केले. सुभेदार त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. "ज्या बुटानं जलमभर वाळू तुडिवली, त्येला जरा बरं दिवस आलं व्हतं," एवढंच म्हणाले.

मी माणदेशातली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि ढग म्हणजे वरून दुसऱ्याच्या गावाला जाणारा पाहुणा. पहिल्या दिवशी सुभेदारांनी मला एका झाडाखाली उभं केलं. "काय ऐकाय येतंय?"

"पाणी पडतंय."

"पाऊस हाय का?"

मी झाडाबाहेर हात काढून बघितला. वर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि खाली झाड टपटप गळतंय.

"आभाळ थांबलं तरी झाड थांबत न्हाई," सुभेदार म्हणाले. "मोठ्या घरचा पावनचार ह्यो. जेवन झालं तरी वाढत्यातच." असं म्हणून त्यांनी मला नोकरीवर घेतलं. मुलाखत संपली.

जंगल तसं लहान. पाहुण्यांना मोकळी असलेली पायवाट तर फारच आखूड. झपझप चालणारा माणूस चहा गार व्हायच्या आत परत यायचा. हे सुभेदारांना सहन व्हायचं नाही. म्हणून त्यांनी कवायतीत एक नवाच हुकूम घातला होता: "हळूऽऽ चल!" फौजेत 'तेज चल' असतो, इथं उलटं. बँकेतले साहेब असोत की कॉलेजची पोरं, सगळ्यांना हा हुकूम. "लिमलेटची गोळी हाय ही. चघळायची. कडाकडा फोडली तर संपंल की!"

झाडांची खरी नावं त्यांना फारशी ठाऊक नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. कुणी विचारलंच तर बेधडक सांगायचे. वाकड्या झाडाला 'पेन्शनर', एका सरळसोट झाडाला 'नवा रंगरूट', आणि ओढ्याकाठच्या एका डौलदार झाडाला 'सरपंचबाई'. कॉलेजातले एक प्राध्यापक त्यांना प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव सांगत चालले होते. सुभेदारांनी सगळं मन लावून ऐकलं, आभार मानले, आणि पुढच्या गटाला पुन्हा पेन्शनर दाखवला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यांच्याकडं त्येचं नाव तसं आसंल. सासरचं येगळं, माह्यारचं येगळं."

शिवाय मानपानाची भानगड होती. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या झाडाला आवंजावं, धाकट्याला अरेतुरे. एकदा मी अंजनीच्या एका जुन्या झाडाला टेकून म्हणाले, "काय गं, किती वाकलीस!" सुभेदारांनी मला तिथल्या तिथं हात जोडायला लावले. "तुज्या पणजीच्या आधीची हाय ती. म्हन, आवं आजी, चुकलं." मी म्हटलं. त्या वेळी जे पाहुणे बरोबर होते त्यांनीही घाबरून म्हटलं.

पण सगळ्यांत मोठा नियम बोटाचा. आपल्याकडं वेलावरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवत नाहीत, दाखवलं की ती कुजते. आई लहानपणी हातावर चापट मारायची. सुभेदारांचं म्हणणं असं की या रानात बाराही महिने काही ना काही कोवळं असतंच, तेव्हा इथं बोट बंद. दाखवायचं तर कोपरानं. त्यामुळं आमच्या उद्यानातले मार्गदर्शक जगात वेगळेच होते. पुण्याहून आलेली माणसं "शेकरू कुठंय? शेकरू कुठंय?" करत आणि आम्ही कोंबडीनं पंख उचलावेत तसे कोपर उचलून उभे. थोड्या वेळानं पुणेकरही कोपर उचलायचे. त्या जंगलात कोपरानं खाणाखुणा करणारा बँकेचा मॅनेजर मी या डोळ्यांनी बघितला आहे.

असा हा माणूस एकाच आवाजाला भ्यायचा, तो म्हणजे काकींचा. काकी म्हणजे त्यांची बायको. त्या गावी, उसात. मोबाइलची रेंज फक्त फाटकाजवळच्या एका दगडावर चढून उभं राहिलं तरच यायची, त्यामुळं नवराबायकोचं प्रत्येक बोलणं सगळ्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीत व्हायचं. फोनचा स्पीकर लावायची गरज नव्हती. काकींचा आवाज कृष्णेवरून थेट यायचा. सुभेदार दगडावर सावधान उभे.

"कवा येताय?"

"बगतो."

"काय बगताय? झाडं? हितं झाडं न्हाईत व्हय? दारात आंबा हाय, मागं शेवगा हाय. समदा ऊस पडलाय."

"आगं, ऊस म्हंजे परेड हाय. लायनीत हुबा. परेड मी लय केली."

"मग मी काय करू? लायनीत हुबी ऱ्हाऊ?"

जंगलाला काकी 'सवत' म्हणायच्या. "सवतीची तब्येत बरी हाय नव्हं?" असं विचारून फोन ठेवायच्या. आम्ही दुसरीकडं बघून हसू दाबायचो.

आणि मग एका दिवशी त्या दगडावरच सुभेदारांनी जबान दिली. काकींनी काय विचारलं ते त्या दिवशी वाऱ्यानं ऐकू आलं नाही, पण यांचं ऐकू आलं. "एकदा ये. बग. बगून जर 'घरी चला' म्हनलीस, तर त्याच गाडीत बसंन. जबान दिली."

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. या माणसानं दिलेला शब्द फिरवल्याचं कुणी बघितलं नव्हतं. काकी दसऱ्यानंतर बचत गटाच्या बायकांच्या सहलीबरोबर येणार, आणि त्यांना जंगल आवडलं नाही तर सुभेदार त्याच गाडीतून जाणार. कायमचे. त्यांच्याशिवाय त्या फाटकावर बसायची कल्पनाच मला करवेना; नुसती नोकरी उरली असती.

सुभेदारांनी तयारी सुरू केली. कुठं थांबायचं, काय आधी दाखवायचं, काय राखून ठेवायचं, सगळं ठरलं. रंगीत तालीमही झाली. "तू ती हो," ते मला म्हणाले. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि निघाले. आधी शेकरूचं घरटं, मग सरपंचबाई, मग कड्यावरून दरी, सगळ्यांत शेवटी लांबवर धरणाचं पाणी. तिथं पोहोचल्यावर त्यांनी विचारलं, "हं, आता काय म्हनशील?"

मला काय बुद्धी झाली कोण जाणे. मी काकींच्या आवाजात म्हटलं, "झालं? चला घरी."

ते खाली बसले. चेष्टा केली म्हणून मी दहादा सांगितलं, तरी त्यांचा चेहरा संध्याकाळपर्यंत सरळ झाला नाही.

तो दिवस उजाडला म्हणणंही धाडसाचं होईल, कारण उजाडलेलं दिसलंच नाही. रात्री अवकाळी पाऊस झाला आणि सकाळी असं धुकं उतरलं की मला माझे स्वतःचे पाय दिसेनात. त्यातून बायकांची गाडी भोंगा वाजवत आली. खाली उतरलेल्या बायका एकमेकींचे पदर धरून उभ्या. सगळ्यांत शेवटी काकी. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळभर कुंकू, हातात पिशवी. मी आवाजावरून डोंगराएवढी बाई मनात धरली होती.

बचत गटाच्या अध्यक्षबाई भारी उत्साही. त्यांनी काकींना फाटकापाशीच अडवलं. "नवऱ्याच्या जागी पयल्यांदा आलीयास. उंबरा वलांडायच्या आधी नाव घ्यायला पायजे!" बायकांनी कल्ला केला. काकींनी पदर सारखा केला, सुभेदारांकडं रोखून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"फडात डुलतो ऊस, बांधावर डुलतं पान,
सुभेदारांनी सवत केली, तिचं नाव रान!"

बायका एवढ्या हसल्या की कुठंतरी आत वानर खेकसलं. सुभेदार मात्र कोर्ट मार्शलला उभे असल्यासारखे उभे होते. मी हसले, आणि माझी मलाच लाज वाटली.

"हळूऽऽ चल," ते म्हणाले. आवाजात दम नव्हता.

बोटाचा नियम बायकांना समजावावा लागला नाही. "काकडीचं व्हय? म्हाइत हाय की!" म्हणत सगळ्यांनी पहिल्या झटक्यात कोपर वर केले. पण दाखवायचं काय?

"हितं शेकरूचं घर हाय," सुभेदार म्हणाले आणि कोपर उचलला. पांढरं.

"हितं लय देखनी दरी हाय."

"कुटं?"

"ढगाच्या मागं."

"आन हितनं धरन दिसतं. म्हंजे... दिसलं आसतं."

"टीव्ही बंद पडल्यावर दिसतंय तसं दिसतंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. एकीच्या पायाला जळू लागली, तिनं गोंधळ घातला. दुसरीनं मला हळूच विचारलं, "पोरी, झोपाळं कुटं हायत गं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या प्रश्नाचं हसू आलं नाही. काकी काही बोलत नव्हत्या. त्यांनी एक टोमणा जरी मारला असता तरी मला बरं वाटलं असतं.

निम्म्या वाटेवर त्या थांबल्या. "बगितलं," त्या म्हणाल्या. "चला. सामान भरा."

मी सुभेदारांकडं बघितलं. वाटलं, आता म्हणतील, आगं धुकं हाय, उद्या बग, परवा बग. हक्कच होता त्यांचा. पण ते म्हणाले, "भरतो." टाचेवर वळले आणि परत चालू लागले. त्यांनी स्वतःचाच हुकूम मोडला होता, झपाझप निघाले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुकं असल्यामुळं कुणाला दिसलं नाही, एवढंच बरं.

आणि तेवढ्यात आतून शीळ आली.

शीळ कसली, चांगली लांबलचक, गुंडाळून गुंडाळून घातलेली. एखादा रिकामटेकडा तरुण एसटी स्टँडवर भिंतीला टेकून घालतो तशी. बायका थबकल्या. पुन्हा शीळ.

"कोन गं हे?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "बायामानसं बघून शिट्ट्या घालतंय!"

आम्हाला कळलं होतं ते काय आहे. मी तोंड उघडणार, तोवर काकींनी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि चप्पल काढली. "आरं ए! आयाभैनी न्हाईत व्हय तुला?"

धुक्यातून उत्तर आलं. आधीपेक्षा मोठी शीळ.

"वर तोंड करून परत घालतोय!" असं ओरडून काकी ओढ्याच्या बाजूला धुक्यात घुसल्या. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात निऱ्या. मागून सुभेदार, "आगं, आगं थांब, घसरशील! आगं, त्यो माणूस न्हाई!" त्यांच्या मागं मी पिशवी घेऊन, आणि माझ्या मागं सगळा बचत गट, एकेक चप्पल काढत. त्या वाटेवर कुणी मोठ्यानं बोललेलं सुभेदारांना खपायचं नाही, आणि त्या दिवशी तिथं लग्नाच्या वरातीएवढा गलका होता.

ओढ्याशी धुकं जरा विरळ होतं. काकी काठावर थांबलेल्या, चप्पल उगारलेली. समोर पाण्यातल्या दगडावर एक पक्षी. काळानिळा, खांद्यावर निळ्या रेशमाची चमक. शीळकरी कस्तूर. सुभेदारांना नावानिशी माहीत असलेला बहुधा तो एकच. त्यानं काकींकडं मान वाकडी करून बघितलं, चप्पल बघितली, आणि न घाबरता सगळी शीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा घातली.

काकींचा हात हळूहळू खाली आला. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडतात की काय. मग त्या जे हसायला लागल्या! चप्पल पाण्यात पडली, त्या काठावरच्या एका दगडावर बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. "आगं आई गं... मी पाखराला... चप्पल..." सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मीसुद्धा. कस्तूर उडून पलीकडं गेला आणि तिथून शीळ घालायला लागला.

सुभेदार तेवढे हसत नव्हते. ते ओढ्यात उतरून चप्पल घेऊन आले आणि बायकोसमोर उभे राहिले.

काकींचं हसू ओसरलं. वरून झाड टपटपत होतं. त्यांनी वर बघितलं, ओल्या खोडावरून हात फिरवला. "हे असं हितं रोज असतंय?"

"रोज न्हाई. पर असतंय."

"आन तुमी रोज बगताय."

"व्हय."

"येकटंच."

सुभेदारांनी चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

"मला वाटलं, तुमी रुसून आलाय. घराला, उसाला, मला कटाळून आलाय," काकी म्हणाल्या. आवाज दगडावरच्या फोनमधला नव्हता, अगदी बारीक होता. "नोकरीत व्हता तवा म्हनायचा, फॅमिली न्यायची परवानगी न्हाई. मी म्हनलं, बरं. हितं कुनी आडिवलं व्हतं? मला का न्हाई आणलं?"

"तू यायची न्हाईस आसं वाटलं."

"इचारलं व्हतं?"

झाडांना मनाची नावं देणारा, प्राध्यापकांना गप्प करणारा तो माणूस हातात बायकोची ओली चप्पल धरून उभा होता. "न्हाई," तो म्हणाला.

अध्यक्षबाईंनी इतर बायकांना कोपरानं खुणावलं आणि सगळा बचत गट पाय न वाजवता मागं सरकला. मीही सरकले.

दुपारी गाडी सुटायच्या वेळी आम्ही सगळे फाटकावर श्वास रोखून उभे. सुभेदारांची ट्रंक भरून बाहेर आलेली होती. शब्द तो शब्द. काकी गाडीत चढल्या, खिडकीपाशी बसल्या. सुभेदार ट्रंक उचलायला वाकले.

"ती ऱ्हाऊ द्या तितंच," काकी आतून म्हणाल्या आणि उतरल्या. "माजी पिशवी द्या गं खाली. आन दिराला सांगा, उसाचं तुमीच बगा म्हनावं."

बायकांनी असा काही कालवा केला की ड्रायव्हरनं घाबरून गाडी बंद केली. मी धावत जाऊन काकींच्या गळ्यात पडले. आमची ओळख अर्ध्या दिवसाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायची पाळी माझी होती. धुकं होतंच. फाटकापलीकडच्या त्यांच्या खोलीतून दोघं निघाले. आपल्याकडं चालतात तसेच, नवरा चार पावलं पुढं, बायको मागं. सगळा मुलूख असाच चालतो. मी आडवा बांबू वर उचलला. सुभेदार फाटकात आले आणि थांबले. काकीही मागं थांबल्या. त्यांना वाटलं, काही विसरलं असेल.

सुभेदार वाटेच्या कडेला झाले.

"तू म्होरं हो," ते म्हणाले. "मी बगितल्यालं हाय."

आणि काकी पुढं झाल्या.